मिठाच्या खड्यातले भाडेकरू

माझ्या भावाची मुलगी लहानपणी माझ्याबरोबर नाटकाच्या प्रयोगांना यायची. मी रंगमंचावर राणी होऊन विष प्यायचे, प्रेक्षकांत रुमाल निघायचे, आणि ही पोर विंगेत स्टुलावर उभी राहून भल्यामोठ्या दिव्याकडे टक लावून बघत असायची. मी मरून, टाळ्या घेऊन आत आले की विचारायची, "आत्या, त्या तापलेल्या काचेवर किडा बसलाय. त्याला भाजत नाही का गं?"

माझ्या मरणाचं तिला काही नव्हतं. किडा कसा जगतो, एवढीच काळजी. हातात कायम भिंग, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणू लागलो.

भिंगरी आता चाळिशीची आहे आणि अजून तेच करते. जिथे कुणी जगू नये तिथे कोण जगतंय हे शोधायचं, हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. इथून दिवसभराच्या वाटेवर एक खारं तळं होतं. उन्हाळ्यात ते आटून मिठाचा पापुद्रा धरायचा आणि त्या पापुद्र्यावर गुलाबी झाक यायची. ती झाक म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. भिंगरी तिथून परतायची ती ओठ फुटलेले, बुटांवर पांढरे थर, आणि चेहरा मात्र असा फुललेला, जसा माझा 'हाउसफुल्ल'ची पाटी बघून फुलायचा.

"एवढ्या मिठात राहतं तरी कोण?" मी विचारलं.

"ज्यांना शेजारपाजार नको ते. दुसरं कुणी तिथे टिकतच नाही आत्या. सगळं घर त्यांचं एकट्यांचं."

एका वाढदिवसाला तिने मला त्या तळ्याच्या पाण्यातून वाळवून काढलेला मिठाचा खडा दिला. बोराएवढा, फिकट गुलाबी, काचेच्या कुपीत. मी तो आरशापुढे माझ्या जुन्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हिरा आहे.

पुढे तळ्यात कालव्याचं पाणी सोडलं. तळं गोडं झालं, बदकं आली, लोक नावा वल्हवायला लागले. गुलाबी रंग गेला तो गेलाच. थंडपेटीत जपलेला त्या जिवांचा साठा वीज गेली तेव्हा खराब झाला. नवा करू, नवा करू म्हणताना राहून गेला. उरल्या फक्त भिंगरीच्या संस्थेतल्या खोलीत, खिडकीत उन्हाला ठेवलेल्या जुन्या खाऱ्या पाण्याच्या बाटल्या. आणि लवकरच तपासणीची मंडळी येणार होती. जिवंत नमुना दाखवा, नाहीतर काम बंद.

त्यातच वहिनीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली. भिंगरी आईजवळ राहायला गेली आणि जाताना खोलीची किल्ली हेडक्लार्ककडे देऊन गेली. या गृहस्थांना सगळी संस्था माळीबुवा म्हणते. प्रत्येक जिन्यात त्यांच्या कुंड्या. कुणी टाकून दिलेलं रोप दिसलं की हे उचलून आणणार.

"बाटल्यांकडे जरा लक्ष ठेवा," भिंगरी म्हणाली.

त्यांनी ठेवलं. पाणी आटतंय, तळाशी मीठ साचतंय, बिचारे तहानेने जातील, म्हणून एकूण एक बाटली गळ्यापर्यंत भरून टाकली. स्वच्छ, गाळलेल्या, गोड्या पाण्याने.

हे जीव वाळून मरत नाहीत. त्यांच्या अंगात मीठ ठासून भरलेलं असतं. बाहेर गोडं पाणी आलं की ते आत घुसतं आणि जीव फुटतात. सगळे फुटले.

भिंगरी ओरडली नाही. माझ्याकडे येऊन पाय पोटाशी घेऊन बसली. "माणूस इतका भला आहे गं आत्या, की भांडायचीही सोय नाही."

दुसऱ्या दिवशी माळीबुवा कुंडी घेऊन माझ्या दारात.

"बाई, तुम्ही तरी सांगा तिला. जिन्यात मी दिसलो की मान खाली घालून जाते. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

"मी देऊ का? भरपूर पाठ आहेत मला. ऐतिहासिक हव्यात की सामाजिक?"

ते हसले नाहीत. कुंडी ठेवायला जागा शोधत आरशापाशी गेले आणि कुपी उचलून म्हणाले, "अरेरे, हे किती कोरडं पडलंय! याला थोडं पाणी..." आणि जीभ चावली.

संवाद विसरून उभं राहावं आणि भलत्याच पात्राने नेमका शब्द पुरवावा, तसं झालं मला. मी त्यांच्या हातातून कुपी काढून घेतली आणि फोन लावला.

"भिंगरी, तू दिलेला खडा कालव्याच्या आधीचाच ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "आत्या, त्याला हात लावू नकोस. आलेच."

तिने खडा उजेडात धरला, भिंग लावलं. मिठाच्या पोटात पाण्याचे बारीक थेंब अडकले होते.

"त्या थेंबांत असतील. असतील हं, आहेत म्हणत नाही. मिठात कोंडले की हे वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. पण खडा विरघळवावा लागेल. तुझा हिरा जाईल."

"अगं, नकली दागिने घालून जन्म गेला माझा. एक तरी खरा निघू दे."

तळ्याइतकंच खारं पाणी करून तिने त्यात खडा हळूहळू विरघळवला. मग नुसती वाट बघणं. मी नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी इतकी घाबरले नव्हते. माळीबुवा रोज उंबऱ्याबाहेरूनच डोकावून जायचे, हातातली झारी पाठीमागे लपवून. बाटलीत पाणी ते पाणीच. तपासणी जवळ आली, तशी भिंगरी बोलायची कमी झाली. माझीही विचारायची छाती होईना.

एका सकाळी तिचाच फोन. "आत्या, ये."

मी चष्मा पुसून पुसून बघितलं. "पाणीच आहे की गं."

"मागे पांढरा कागद धर."

धरला. नायिकेच्या गालावर आम्ही लाली लावायचो, तिसऱ्या रांगेतून कळू नये इतकी हलकी, तेवढाच रंग. पण होता. माझ्या आरशापुढचे भाडेकरू जागे झाले होते. या म्हाताऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या, आणि दारात माळीबुवा डोळे पुसत होते.

मंडळी आली, बघून गेली, काम चालू राहिलं. आणि आता वहिनीच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया. भिंगरीने किल्ली पुन्हा माळीबुवांपुढे धरली. ते दोन पावलं मागे सरले.

"नको गं पोरी. मला नको."

"तुम्हीच घ्या काका. तुमच्याइतकं यांच्या जिवाला घाबरून यांना दुसरं कोण सांभाळणार?"

किल्ली घेतली त्यांनी. संध्याकाळी मात्र झारी घेऊन माझ्याकडे हजर. "बाई, ती परत येईपर्यंत ही तुमच्याकडे राहू द्या."

"आणि तुमच्या कुंड्या?"

"त्यांना तांब्याने पाणी घालीन. हात जरा आखडता राहील."

झारी आता आरशापुढे आहे, कुपीच्या जागी. विचारलंच कुणी, तर सांगते, हीसुद्धा हिराच आहे.