तात्पुरत्या वाट्यातला आवाज

नवा व्हर्च्युअल सर्व्हर उभा करायचा म्हटलं की दादा आधी कोरा कागद आणि पेन्सिल घेत. दादा म्हणजे नागपुरातल्या आमच्या छोट्या कंपनीतले माझे सीनियर. कमी बोलणारा माणूस. एका मोठ्या डिस्कमधून पाच-सहा सर्व्हरना जागा कापून द्यायची, आणि प्रत्येकाच्या जागेचे परत वाटे करायचे. सिस्टिमचा वेगळा, ग्राहकांच्या डेटाचा वेगळा, लॉगचा वेगळा. लॉग म्हणजे यंत्राची बडबड. ती वाढली तर आपल्याच खोलीत तुंबावी, डेटाच्या घरात शिरू नये. शेवटचा वाटा तात्पुरत्या फाइलींचा. त्याचा बॅकअप घ्यायचा नाही, आणि महिनाभर कोणी हात न लावलेली फाइल तिथून आपोआप पुसली जायची. हा नियम दादांनीच बसवलेला.

"एवढी वाटणी काहून करता जी? डिस्क किती स्वस्त झाली आता," मी वैतागायची.

"वाटणी वेळेवर झाली तं भावाभावांत भांडण होत नाही वं," एवढंच म्हणून ते पुढची रेघ ओढत.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत दादा लॅपटॉप घेऊन मीटिंगच्या खोलीत दार लावून बसू लागले.

"कोणासंग बोलून राहिले एवढं? वहिनीले सांगू का?" मी चिडवलं.

ते हसले. मग म्हणाले, "पोरीसाठी बोलून ठेवून राहिलो. आता लहान आहे. मोठी होईन, तवा ऐकन."

ऑपरेशनला जाताना लॅपटॉप जमा केला आणि म्हणाले, पंधरा दिवसांत येतो. कुठचं काय! जखम चिघळली, ताप उतरेना. दोन महिने दवाखान्यात काढून दादा गेले. मला अजून राग येतो. कोणाचा, ते विचारू नका.

तेरवी झाल्यावर वहिनींचा फोन आला. "त्याईनं पाटीवर लिहून सांगतलं होतं, आवाज ऑफिसच्या मशीनवर ठेवला म्हणून. काढून देशीन का वं?"

"हाव वहिनी, आजच देते," मी म्हणाले.

आधी डेटाच्या वाट्यात शोधलं. तिथे कसं असणार? ग्राहकांनी घेतलेल्या जागेत स्वतःचं चिमूटभर ठेवतील ते दादा कसले! तात्पुरत्या वाट्यात पोरीच्या नावाचं फोल्डर सापडलं. आत काही नव्हतं. पुसलेल्या जागेवर नवं लिहूनही झालं होतं, म्हणजे जुनं परत काढायची सोय नाही. बाप्पा, सगळ्या ऑफिसाला बजावणारा माणूस, आणि स्वतःची एवढी मोठी चीज तिथे ठेवतो? पण त्यांच्या मते तर पंधरा दिवसांचाच प्रश्न होता. परत आले की नीट कुठेतरी हलवणार होते. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

हे फोनवर सांगवेना. इतवारीत, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचं घर, तिथे गेले. पोरगी शिकवणीला गेली होती. मी जसं झालं तसं सांगितलं.

"किती बोलले होते ते?" वहिनींनी विचारलं.

"रोज, वहिनी. अख्खी जेवणाची सुट्टी. डबाही तसाच राहायचा कधीकधी."

"एवढं?" त्यांचा विश्वास बसेना. "घरी तं चहा, पेपर अन् झोप. मले वाटे, ह्या माणसाजवळ बोलाले काही नाहीच." पदर तोंडाशी धरून त्या रडू लागल्या. मग माझा हात घट्ट पकडला. "तू तं तिथंच होती ना वं? काय बोलत होते, थोडंसं तरी सांग."

दार बंद असायचं, मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. तसं मी सांगितलंही. तरी त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.