काट्यावरच्या कादंबऱ्या

आमच्या अण्णांनी जन्मात कोणावर विश्वास ठेवला असेल, तर तो एका वजनकाट्यावर. आणि त्याच्यावरही, काटा शून्यावर आलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यानंतरच. उभी नोकरी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांची वजनं करण्यात गेली. मोळीच्या पोटात धोंडा, काट्यावर हळूच टेकवलेला ड्रायव्हरचा पाय, उसापेक्षा पाचटच जास्त, हे सगळं पकडून पकडून त्यांना अशी सवय जडली, की निवृत्तीनंतरही समोर आलेली प्रत्येक गोष्ट त्यांना उसाचीच गाडी वाटे. भाजी घरी आणून ते पुन्हा तोलत. नव्या माणसाला गाव विचारत, मग पाऊसपाण्याच्या गप्पा मारत, आणि जाता जाता पुन्हा गाव विचारत. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर म्हणत, "पाठ करून आलाय."

अशा माणसाला गावच्या वाचनालयाने कादंबरी स्पर्धेचा परीक्षक नेमावं, हा कोणाचा डाव होता ते मला अजून कळलेलं नाही. तसे अण्णा पट्टीचे वाचणारे. काट्यावर गाडी नसली की त्यांच्या टेबलाखाली कादंबरी उघडी असायची, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. परीक्षक आम्ही तिघे: मी निवृत्त मास्तर, मेडिकलचं दुकान चालवणारा आमचा मित्र आणि अण्णा. पुस्तकं याच क्रमाने घरोघर फिरायची आणि दर रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून आम्ही एक कादंबरी बाद करायची. शेवटी उरेल तिला बक्षीस. पहिली कादंबरी अण्णांनी नायक फार सज्जन म्हणून उडवली. "एवढा चांगला मानूस? कायतरी लपवतोय त्यो." दुसरीतली नायिका भरल्या बैलगाडीतून सकाळी राहात्याहून निघते आणि दिवेलागणीला श्रीगोंद्यात पोचते. "बैलांला काय मोटार बसवली हुती?" गेली तीही. तिसरीत निसर्गवर्णन लांबलं होतं. "पाचट काढा आन् मंग बघा, ऊस किती उरतोय."

पण त्यांचा खरा संशय आम्हा दोघांवर. आम्ही न वाचताच मतं ठोकून देतो अशी त्यांची पक्की समजूत. "वाचली म्हनता ना गुरुजी? मंग सांगा पयल्यापासनं." मी सांगू लागलो की, "मंग? फुडं?" मधेच, "तिच्या अंगावर लुगडं कंच्या रंगाचं हुतं?" माझा घसा सुकून जाई. मेडिकलवाल्याची उलटतपासणी तर इतकी लांबे, की गिऱ्हाइकं दुकानातून त्याला बोलवायला येत.

शेवटी तो चिडला. "आपल्याला एवढं सोलतात, पण स्वतः वाचतात कशावरून?" खरं सांगायचं तर ते मलाही पटलं. दोनच कादंबऱ्या उरल्या होत्या. त्यातली एक अण्णांकडे जायच्या आधी त्याने मधली दोन पानं गोंदाच्या ठिपक्याने चिकटवली. आठवड्याने पुस्तक परत आलं, पानं जशीच्या तशी. "सापडले!" म्हणत त्याने टाळीसाठी हात पुढे केला, आणि मीही टाळी दिली.

रविवारी त्याने भलतंच एक पान उघडून अण्णांपुढे धरलं. "अण्णा, एवढं जरा वाचून दाखवा." अण्णांनी पुस्तक नाकाशी नेलं, मग लांब धरलं, मग तिरकं केलं. "छापनाऱ्यानं काटा मारलाय. शाई किती कमी वापरलीय," असं पुटपुटून ते बोट फिरवत वाचू लागले. जत्रेत नायिकेचा मामा हरवतो, तो प्रसंग. त्या पानावर जत्रा नव्हतीच. पुस्तकात हरवतो तोही मामा नव्हे, चुलता. मामा ही मागच्या रविवारी गोष्ट सांगताना झालेली माझी चूक. शब्दही सगळे माझेच होते. अण्णांचं बोट ओळ सोडून केव्हाच कोऱ्या समासात गेलं होतं.

अण्णांना दिसत नव्हतं. त्यांची सून इतके दिवस डोळ्यांचे थेंब कोणासाठी नेत होती, ते मेडिकलवाल्याला त्या क्षणी उमजलं. उलटतपासणीच्या नावाखाली ते आमच्याकडून अख्ख्या कादंबऱ्या ऐकून घेत होते. मला त्या टाळीची लाज वाटली. मेडिकलवाल्याने पुस्तक हलकेच काढून घेतलं. "खरंय अण्णा, छपाई लई खराब हाय. पन आमच्यावर तुमचा इश्वास न्हाई ना? मग आता मोठ्यानं वाचतो. तुमी चुका धरा."

"मधली पानं गाळशील तू," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या शेजारी सरकून बसले.

बक्षीस वाटून झालं, स्पर्धा संपली. रविवार मात्र चालूच आहेत. बाद झालेल्या कादंबऱ्यांचं फेरवजन करायचं असं अण्णांनी ठरवलंय, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. आम्ही वाचतो तेव्हा त्यांचा हात उरलेल्या पानांच्या जाडीवर असतो. आम्हाला सगळं कळलंय हे त्यांनाही कळलंय, असा मला अलीकडे दाट संशय येतो. परवा मी पाणी प्यायला थांबलो, तर हळूच म्हणाले, "गुरुजी, जत्रंत हरवला त्यो मामा न्हवता ना?"

"नव्हता, अण्णा. चुलता होता."

"मला वाटलंच," ते म्हणाले. "वाचा फुडं."