राऊंडला उठून बसायचं

विज्ञानापुढं सगळी माणसं सारखी असतात. आमच्या वॉर्डात विज्ञान सकाळी राऊंडला यायचं, आणि त्याआधी वॉर्डबॉय ओरडून जायचा, "उठून बसा, साहेब येतायत."

क्रांती चौकात स्कूटरवरून पडलो होतो. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. त्या राऊंडच्या आदल्या दिवसापासून श्वास पुरत नव्हता. खोल घेतला की बरगडीत सुरी फिरायची. तरी उठून बसलो. हात जोडले. आमच्यात तसंच शिकवतात. आई माझ्या पाठीशी उशी लावून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

साहेबांनी आडनाव वाचलं. दम लागतो म्हणालो, तर मागच्या विद्यार्थ्यांकडं वळून म्हणाले, "मेंढरांमागं डोंगर तुडवणारी माणसं ही. यांना कसला दम लागतो?"

विद्यार्थी हसले. हसणं अभ्यासक्रमात असावं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, असं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक.

"मग वाचून वाचून भीती बसलीय. बघा, टुणकन उठून बसलेत. उद्या घरी."

माझा नमस्कारच माझ्या तब्येतीचा पुरावा ठरला.

दिवसभर पडून होतो. रागवायलाही श्वास लागतो. तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आरोळी. सगळा वॉर्ड उठून बसला. मी पडून राहिलो. आईनं दंडाला धरलं.

"ऊठ रं बाबा. सायब आलेत."

"नाय उठत."

साहेब थांबले. म्हणालो, "उठलो की दम लागतो. काल तुमच्यासाठी उठलो होतो. छाती तपासल्याशिवाय घरी जाणार नाही."

उर्मट आहे, म्हणाले. कुणीतरी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बघून हसणारेच स्ट्रेचर आणायला धावले. सीटी स्कॅन झालं. पायात रक्ताची गाठ धरली होती. तिचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकले होते. रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात सुरू झाली. साहेबांनी विद्यार्थ्यांना शिकवलं, प्लास्टरच्या पेशंटला दम लागला तर आधी हाच संशय घ्यायचा. शिकवताना बोट माझ्याकडं होतं. नजर नव्हती.

आता ठरलंय. कुणी साहेब आला म्हणून उठणार नाही. आईलाही उठू देणार नाही. मला काय होतंय ते पडल्यापडल्या सांगेन, आणि समोरचा ऐकेपर्यंत सांगत राहीन.

परवा आईला घेऊन माझ्या फेरतपासणीला गेलो. ओपीडीतली बाकडी भरलेली होती. दोघंही उभेच राहिलो.