दुसऱ्याच्या अक्षरातली अर्जी

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. उर्दू मिडल पास होऊन जालन्यात मामांकडे राहत होतो, तेव्हा तर स्टेशनापासून तहसील कचेरीपर्यंत दिवसातून चार फेऱ्या व्हायच्या. वडलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घनसावंगीकडच्या आमच्या गावी येऊन औत धरायचं. औताची मला लाज नव्हती. पण त्याच शेतात, त्याच बैलांच्या मागे जन्मभर चालायचं, या विचारानंच जीव गुदमरायचा.

दसऱ्याच्या आधी कचेरीत नक्कलनविसाची जागा निघाली. कागदांच्या स्वच्छ नकला करायच्या, एवढंच काम. मी सगळे करत तेच केलं आणि कचेरीसमोर लिंबाखाली बसणाऱ्या मुन्शीजींकडे गेलो. निजामाच्या राज्यात कागद उर्दूत द्यायचा आणि तो मुन्शीकडूनच लिहून घ्यायचा, अशी रीत होती. लिहिता येणारेसुद्धा त्याच्याकडेच जात. आपल्या हातची अर्जी देणं म्हणजे बोडक्यानं साहेबापुढे उभं राहणं. शिवाय माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

मुन्शीजींनी नाव-गाव तेवढं विचारलं आणि बोरू उचलला. हुजुरांना दुआ, फिदवीची म्हणजे अर्जदाराची गरिबी, फिदवीचं खानदान, पुन्हा हुजुरांना दुआ. अक्षर असं सुंदर, की नुसतं बघत बसावं. मला काय येतं, याबद्दल मात्र त्यात एक शब्द नव्हता. त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही ते खटकलं नाही.

पुढचे आठ दिवस मी कचेरीचा उंबरठा झिजवला. पायाला भिंगरी लागलीय, असं मामी म्हणायची आणि जेवताना मला हाताला धरून बसवायची.

नवव्या दिवशी पेशकारांनी, म्हणजे कचेरीतल्या मुख्य कारकुनांनी, आत बोलावलं. ते औरंगाबादहून नुकतेच बदलून आलेले होते. अक्षर तुमचंच का, असं त्यांनी विचारलं आणि मी बेधडक हो म्हणालो. त्यांनी शांतपणे अर्ज्यांचा गठ्ठा सोडून माझ्यापुढे पसरला. निम्म्या अर्ज्या त्याच अक्षरात होत्या. जागा लिहिण्याची, आणि मी अर्जीच दुसऱ्याच्या हातची दिली होती. इतकी साधी गोष्ट आठ दिवस वणवण करून माझ्या डोक्यात आली नव्हती. पेशकार रागावले नाहीत. हे ज्याचं अक्षर आहे त्यालाच उद्या अर्जी घेऊन पाठवा, एवढंच म्हणाले.

बाहेर आलो तो चिडूनच. मुन्शीजींना निरोप दिला नाही तर? दुसरं कोण सांगणार होतं? मोती तलावापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. शेवटी स्वतःचीच किळस आली आणि लिंबाखाली जाऊन सगळं सांगून टाकलं.

मुन्शीजींनी बोरू पुसून खाली ठेवला. "दुनियेच्या अर्ज्या लिहिल्या," ते म्हणाले, "पन सोताची लिहायला हात चालून न्हाई राह्यला. तू लिही."

मी कागद ओढला. दुआ-सलाम मला जमणार नव्हते, म्हणून सरळ विचारलं, "मुन्शीजी, तुम्हाला काय काय येतं?"

ते गोंधळलेच. मग हळूहळू सांगू लागले. उर्दू, फारसी, मोडी. फाटक्या सनदाही वाचता येतात. पानभर लिहिलं तरी शाईचा डाग पडत नाही. मी तेवढंच लिहिलं, माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात. खाली त्यांनी दोन ओळी नमुन्याच्या लिहिल्या. जागा त्यांना मिळाली.

लिंबाखालची त्यांची चटई मोकळी झाली, तिच्यावर मी बसलो. लोक माझ्या अक्षराला नावं ठेवत, पण बसत. काय येतं, असं मी प्रत्येकाला विचारायचो. बरेच जण घरी जाऊन आठवून यायचे. जिनिंगमधला एक गडी म्हणाला, इंजिन बिघडायच्या आधी मला आवाजावरून कळतं. मी तेच लिहिलं. त्याला इंजिनावर घेतलं.

दिवाळी झाली आणि वडील बैलगाडी घेऊन मला न्यायला आले. मी त्यांना दुरून पाहिलं, तरी समोरच्या माणसाची अर्जी लिहीत राहिलो. ते बसलेल्या लोकांच्या मागे उभे राहिले. पुढच्या तिघांशी मी काय बोललो, ते सगळं त्यांनी ऐकलं. त्यांची पाळी आली तेव्हा ते माझ्यासमोर उकिडवे बसले. नोकरी लागली नव्हती, मुदत संपली होती.

"तू समद्यायला इचारतो, काय येतं म्हनून," ते म्हणाले. "म्या तुला कधी इचारलंच न्हाई."

मग ते उठले. गाडीतलं ज्वारीचं पोतं उतरवून त्यांनी माझ्या चटईशेजारी ठेवलं आणि बैल गावाकडे वळवले.