भिंगरीच्या बाकाभोवती

आमच्या हिला शाळेतल्या मुलाला घरी पाठवलेलं खपत नाही. घरी पाहुणे आले आणि बोलता बोलता कुणी म्हणालं, की अमक्याच्या मुलाला शाळेनं काढलं, तर ही हातातला कप खाली ठेवते आणि पाहुण्याचीच उलटतपासणी सुरू करते. का काढलं? कुणी काढलं? त्याआधी काय काय करून बघितलं? पाहुणा बिचारा चहा घ्यायला आलेला असतो. मी मूग गिळून गप्प बसतो, कारण मध्ये पडलो तर माझीही सुरू होते.

ती विशेष शिक्षिका. ज्यांना वाचताना अक्षरं गोंधळात टाकतात, ज्यांना गोंगाट सोसत नाही, जी एका जागी बसू शकत नाहीत, अशा मुलांसाठी शाळेनं तिला नेमलं. तिला स्वतःचा वर्ग नाही. प्रयोगशाळा आणि जिना यांच्यामध्ये एक चिंचोळी खोली आहे, तिथे तिचं टेबल, आणि मुलांच्या उंचीवर टांगलेला एक आरसा. लोक मला हळूच विचारतात, "तुमच्या घरात कुणी तसं आहे का हो? म्हणून वहिनी या कामात पडल्या का?" मी सांगतो, आहे ना, मी आहे. तसं कारण काहीच नाही. बाई हट्टी आहे, एवढंच.

मी फोटोग्राफर. बाजारातल्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे आणि शाळेचे वर्गफोटो कित्येक वर्षं मीच काढतो. शाळेत मला सगळे फोटोवाले काका म्हणतात. माझ्या रागाची ख्याती आहे. फोटो काढताना कुणी हललं, तर मी भर मैदानात सगळ्यांसमोर ओरडतो. एकदा खुद्द मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, "मान सरळ!" म्हणून मोकळा झालो होतो.

तर हिच्या कामाची सुरुवात माझ्याच स्टुडिओत झाली. लग्नानंतर ही दुपारी दुकानात येऊन बसायची आणि भिंतीवरचे वर्गफोटो बघायची. एक दिवस म्हणाली, "अहो, चौथीत या कोपऱ्यात एक दात पडलेला मुलगा आहे. पाचवीत तो नाही. कुठे गेला?" मी म्हणालो, "मला काय माहीत? शाळा सोडली असेल." तिनं दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "आणि ही? आणि हा?" फोटो मीच काढलेले, पण मी माणसं कधी जुळवून बघितली नव्हती. मी फक्त माना सरळ आहेत का ते बघायचो.

शाळेत रुजू झाल्यावर तिला कळलं की मुलांना एकदम कुणी काढत नाही. आधी फोन जातो, "आज घेऊन जा." मग तो फोन वरचेवर जायला लागतो. आई-बाप कामं टाकून धावत येतात, शेवटी कंटाळतात आणि स्वतःच दाखला मागतात. शाळेनं कुणाला काढलं, असं कुठे दिसतच नाही. हिच्या डोक्यात तिडीक गेली ती याच गोष्टीची.

मग तिनं मोठ्या बाईंकडून एक नियम मंजूर करून घेतला. घरी फोन करायच्या आधी एका मोठ्या माणसानं त्या मुलाच्या जागेवर एक तास बसायचं. त्याच बाकावर, भरल्या वर्गात. मुलाला तोवर हिच्या खोलीत ठेवायचं. गणिताचे सर म्हणाले, "म्हणजे शिक्षा आम्हालाच!" ही म्हणाली, "तुम्ही नका बसू, मी बसते." आणि बसली. गुडघे बाकात अडकवून, पन्नाशीला टेकलेली बाई अपूर्णांक शिकत बसली. कुठे फळ्यावर ऊन पडून काही दिसत नाही, कुठे मागचा पाठीत पेन्सिल टोचतो, हे तिला बसल्या जागी कळायला लागलं. बाक हलवला, मागच्याला समज दिली, की निम्मे फोन आपोआप टळायचे. ऑफिसातले कारकून म्हणायला लागले की, बाई, आता फोन नाहीत, त्यामुळे आम्हाला काम करावं लागतंय.

सगळ्यात अवघड होती भिंगरी. सहावीतली मुलगी. मनाला बरं वाटलं की जागच्या जागी गोल फिरायची, म्हणून वर्गानंच हे नाव ठेवलेलं आणि तिलाही ते आवडायचं. बोलायची अगदी मोजकं. पण रोज सकाळी एका ठरावीक वेळी किंचाळत वर्गाबाहेर पळायची, अडवलं तर चावायची. गणिताच्या सरांच्या मनगटावर तिच्या दातांचे वळ उमटले होते. पालकांच्या तक्रारी आल्या, बैठक झाली, आणि मोठ्या बाईंनी एक घाव दोन तुकडे केले. "वर्ष संपेपर्यंत बघू. आणखी एक प्रकार झाला, तर दाखला हातात." भिंगरीची आई लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. भिंगरीच्या याआधीच दोन शाळा झाल्या होत्या. पुढे तिला कुणी घेणार नव्हतं.

ही भिंगरीच्या जागेवर बसली आणि तिला उत्तर मिळालं. बाकाच्या बरोबर वर सूचनांचा कर्णा होता. सकाळच्या सूचना सुरू झाल्या आणि ही स्वतःच दचकून उठली. त्याच दिवशी भिंगरीचा बाक खिडकीजवळ गेला. तो बाक लंगडा होता, म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. त्याच्या कडेला एक खाच होती, तिच्यावरून बोट फिरवत भिंगरी शांत बसायला लागली. अधूनमधून ही तिच्या आईला फोन लावायची. शाळेचा नंबर बघून आईच्या तोंडचं पाणी पळायचं. "काही झालं नाही हो," ही सांगायची, "सहज केला. आज तिनं भागाकार सोडवला." पहिल्या वेळी आई नुसती रडली.

आणि मग वर्गफोटोचा दिवस आला.

मागची रांग उभी करायला बाक लागतात. दर वर्षीसारखं मी शिपाईमामांना म्हणालो, "जवळच्या वर्गातले आणा." मैदानाला जवळचा वर्ग सहावीचा. सहावी तेव्हा प्रयोगशाळेत होती. मामांनी बाक आणले, मी दहावीची उंच मुलं त्यांच्यावर चढवली, तिकाटण्यावर कॅमेरा लावला आणि "हलू नका" म्हणून ओरडलो.

प्रयोगशाळेतला तास सुटला, आणि तेवढ्यात किंचाळी ऐकू आली. भिंगरी धावत मैदानात आली. तिनं कडेच्या बाकावरच्या मुलाला ढकललं, तो खाली उडी मारताना माझ्या तिकाटण्यावर आला आणि कॅमेरा धाडकन जमिनीवर. माझं डोकंच फिरलं. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. भिंगरी मात्र कुणाकडेच बघत नव्हती. मोकळ्या झालेल्या बाकाला दोन्ही हातांनी मिठी मारून ती मातीत बसली होती.

मोठ्या बाई आल्या. "झाला ना आणखी एक प्रकार?" त्या हिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काका, तुमचंही नुकसान झालंय. लावा तिच्या आईला फोन."

मी खिशात हात घातला. ही माझ्या आणि मोठ्या बाईंच्या मध्ये येऊन उभी राहिली. मोठ्या बाईंना म्हणाली, "बाई, फोनच्या आधी तिच्या जागेवर बसायचं ठरलंय. या वेळी तुम्ही बसा."

"आत्ता?"

"नियम तुमच्याच सहीचा आहे."

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या, पण त्या गेल्या. मागोमाग मी, हातात खरचटलेला कॅमेरा घेऊन, अजून धुसफुसत. वर्गात खिडकीजवळ बाक नव्हता. फरशीवर बाकाएवढी मोकळी जागा आणि पुठ्ठ्याची घडी तेवढी पडलेली. मोठ्या बाई त्या जागेवर उभ्या राहिल्या. खिडकीतून समोरच मैदान दिसत होतं, आणि तो बाक, मुलांच्या बुटांच्या मातीनं भरलेला.

"हा बाक कुणी हलवायला सांगितला?"

"मी," मी म्हणालो. माझा राग तिथेच उतरला.

मोठ्या बाईंनी वाकून ती पुठ्ठ्याची घडी उचलली. "हा प्रकार तिचा नाही," त्या म्हणाल्या. "आपला आहे. मामांना सांगा, बाक आणा. आधी पुसून." हे सगळं मोठ्या बाई आमच्या मागोमाग आलेल्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, हे मी मुद्दाम नोंदवतो. बाक आला तेव्हा पायाखाली घडीही त्यांनीच घातली. भिंगरी जागेवर बसली, खाच चाचपली, आणि माझ्या बायकोचा जीव भांड्यात पडला. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुपारी सहावीच्या फोटोची पाळी. भिंगरी काही केल्या बाक सोडेना. गणिताचे सर म्हणाले, "मागच्या वर्षीही ती फोटोत नव्हतीच, घरी पाठवली होती. यंदाही तिच्याशिवाय काढू." त्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग आपणच तिच्याकडे जाऊ या ना."

ही माझ्याकडे बघायला लागली. "अहो, आत काढाल का? फ्लॅश न मारता?"

"वर्गफोटो आत काढतात का कधी?" मी म्हणालो. "खिडकीचा उजेड, एवढीशी जागा, एक जरी हललं तर..."

ती बघतच राहिली. या बघण्यापुढे माझं काही चालत नाही. मी भिंतीला पाठ लावून कॅमेरा उभा केला. मुलं भिंगरीच्या बाकाभोवती जमली, काही खाली, काही खिडकीच्या कट्ट्यावर. मोठ्या बाईंना खुर्ची ठेवायला जागाच उरली नाही, त्या मागे उभ्या राहिल्या. ही सवयीप्रमाणे दाराकडे निघाली. तिला वर्ग नाही, त्यामुळे ती कुठल्याच वर्गफोटोत नसते. इतक्या वर्षांत मीही तिला कधी थांब म्हणालो नव्हतो.

भिंगरी बाकावर सरकली. अर्धा बाक मोकळा करून तिनं त्यावर हात आपटला.

"बाई. इथं बसा."

ही परत फिरली आणि गुडघे बाकात अडकवून बसली. मला कॅमेऱ्याच्या काचेतून नीट दिसेना, डोळे पुसावे लागले. मग मी कुणालाही "हलू नका" न म्हणता फोटो काढला.

फोटोत भिंगरी माझ्याकडे बघत नाहीये, आणि खाचेवर फिरणारं तिचं बोट अस्पष्ट आलंय. मी तो तसाच छापला आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. भिंगरीची आई येऊन त्या काचेसमोर खूप वेळ उभी होती. "आहे," ती म्हणाली, "यात आहे ती." भिंगरी आता सातवीत गेली, त्याच शाळेत. बाकही तिच्याबरोबर वरच्या मजल्यावर गेला.

गिऱ्हाइकं फोटो बघतात आणि हमखास विचारतात, मुलांच्या बाकावर बसलेली ही बाई कोण? माझी छाती फुगते.

"ती होय? माझी बायको," मी सांगतो. "सहावीत आहे."