डावी बाजू रॅपची, उजवी उघडी

राजापेठेतल्या संजूच्या गॅरेजवर चार म्हातारे बसले, की गाड्यांच्या गोष्टी मडगार्डखालच्या काळ्या मातीसारख्या साचत जातात. कितीही खरडा, उरतेच! संजू गाड्यांले रंगीत विनाइलचा कागद चिकटवते. आजकालचे पोट्टे त्याले रॅप म्हणतात.

मी जन्मात पहिल्यांदा नवी पिकअप घेतली, चारही चाकं ओढणारी. अन् माह्या पोराच्या, विनोदच्या, डोक्यात रॅप शिरला. "बाबा, पेंट वाचते!" इकडं शेंदूरजनाघाटच्या बगीच्यातून संत्रा काढायचा हंगाम तोंडावर. कागद लावला अन् खालचा रंगच उपटला तर? नाही लावला अन् काट्यांनं गाडी सोलली तर? घास गोड लागे ना बाप्पा! म्हणून ज्यानं ज्यानं रॅप केला, त्याले जाऊन विचारलं.

*

पहिला अकोल्याचा शेषराव, भाजीवाला. त्यानं गाडीले काळा रॅप केला. काळा! अकोल्यात! मे महिन्यात!

दुपारभर गाडी मार्केटात उभी राहिली. कागदाच्या साऱ्या कडा सुटल्या अन् पापडासारख्या वर वळल्या. शेजारचा कांदेवाला म्हणे, "शेषराव, उलटवा आता, एक बाजू वाळली!"

मी विचारलं, "पस्तावला का?"

"पस्तावा सोड, दार उघडायले फडकं लागते!"

*

दुसरा भीमराव. शेत नांदगाव पेठेकडं. त्याच्या दारावर वाघाच्या तोंडाचा रॅप. गाडी वावरात फसली, चिखल कागदाच्या कडेखाली शिरला. वॉशिंगवाल्यानं पाण्याचा प्रेशर नेमका त्याच कडेवर धरला. फर्रकन अख्खा वाघ निघाला अन् मागं उभ्या भीमरावच्या पोटाले चिकटला!

तसाच घरी गेला लेकाचा. बायको म्हणे, "चला, एकदाचा घरात वाघ आला!"

मी हसलो खरा, पण घरी येऊन गाडीच्या दारावर हात फिरवत बसलो.

*

मंग संजूलेच धरलं. "खरं सांग बे, काट्यात टिकते का हे?"

"काका, बारीक ओरखडा कागद अंगावर घेते. खोल काटा लागला तर कागदही फाटते अन् पेंटही जाते. तुमची गाडी डांबरी रोडची असती तर मी डोळे मिटून लावला असता."

"म्हणजे लावू का नको?"

"गाडी तुमची, पोरगा तुमचा!"

याच्यापेक्षा डॉक्टर परवडला, तो गोळी तरी लिहून देते!

*

शेवटी संजूनंच तोड काढली. फक्त डाव्या बाजूले कागद लावायचा, उजवी उघडी ठेवायची. बगीच्यात एक खेप करायची अन् जे दिसन ते दोघांनं मानायचं. डावीचा कागद फाटला तर माहं खरं, उजवीचा पेंट सोलला तर विनोदचं.

बगीच्याची पांदण, वावरातली अरुंद वाट, म्हणजे दोन्ही अंगांनं बाभळीच बाभळी. जाताना स्टेअरिंगवर मी. विनोद डाव्या सीटवर, काच खाली करून.

"बाबा, उजवीकडं जागा आहे!"

"दिसून राहिलं मले!"

"मंग डावीकडं कावून घासून राहिले?"

"रस्ताच तसा हाय!"

सप्पकन फांदी आत आली अन् त्याच्या डाव्या कानावर बसली.

येताना चावी त्यानं घेतली. आपल्या बाजूची काच खाली केली. अन् गाडी पाहा तं उजव्या बाभळीले चिकटून!

"विनोद, डावीकडं जागा हाय ना बे!"

"दिसून राहिलं मले!"

फांद्या सपासप त्याच्याच तोंडावर बसून राहिल्या. पण पठ्ठ्यानं स्टेअरिंग हलवलं नाही!

गॅरेजवर संजूनं गाडीभोवती चक्कर मारली. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली. मंग विनोदचा डावा कान पाहिला, उजवा गाल पाहिला, अन् शेवटी माह्याकडं पाहिलं.

"काका, आता नक्की सांगा," म्हणे. "रॅप गाडीले करू का याले?"