अकराचे हिस्से

ब्रह्मपुरीच्या शाळेत मी गणित शिकवते. विभाजकांचा धडा आला की मुलं अकरावर चिडतात. बाराला दोनाने भागा, तिनाने भागा, चाराने, सहाने भागा, तो कुरकुरत नाही. अकरा मात्र एक आणि स्वतः अकरा सोडून कुणालाच दाद देत नाही. मी वर्गात अकराला नावं ठेवू देत नाही. त्याचे आमच्या घरावर उपकार आहेत.

आमच्या गावच्या तलावात मासे धरायचा हक्क बारा घरांचा होता, त्यातलं एक आमचं. जाळं ओढून झालं की तलावाच्या पाळीवर ताडपत्री पसरून सगळे मासे ओतायचे आणि त्या बारांपैकीच एक, अख्खं गाव ज्याला आजा म्हणायचं तो म्हातारा, हिस्से करायचा. तराजू नाही, मोजणी नाही. नजरेनं ढिगाचे दोन भाग, त्यांचे परत दोन-दोन, आणि त्या चारांचे तीन-तीन. झाले बारा. एखादी मरळ इकडची तिकडे केली की कोणाची तक्रार नसायची, आणि असली तरी आज्यापुढे तोंड कोण उघडणार!

मी पाचवीत असताना बाबा तापानं गेले. त्यानंतर पहिल्यांदा जाळं पडणार होतं त्या सकाळी आईनं बजावलं, "पाहाले जा, पण हिश्शाजवळ उभी नोको राहू. आपला माणूस पाण्यात नाई, तं आपला हिस्साई नाई." आई अशीच. घरात पीठ नसलं तरी ती कोणापुढे पदर पसरणारी नव्हती.

मी लांब उभी राहिले. आज्यानं नेहमीसारखे दोनाचे चार आणि चाराचे बारा केले. ज्यानं त्यानं आपला हिस्सा उचलला आणि एक उरला. तो त्यानं टोपलीत भरून माझ्या डोक्यावर दिला. घरी आईनं माशांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तसंच मागे फिरवलं आणि स्वतःही सोबत आली.

"मामाजी, आता अकराच हिस्से करा न," ती म्हणाली. नात्यानं कोणी नसला तरी गावची सून म्हणून ती आज्याला मामाजीच म्हणायची.

"अकरा फुटत नाई, बाई," आजा गंभीरपणे म्हणाला. "दोन कर, नाई जमत. तीन कर, नाई जमत. बारा केले तं जमले. मंग उरलेला का पाण्यात टाकू?"

बाकीचे दहा जण माना हलवत होते. सगळा जन्म मासे वाटण्यात गेलेली माणसं, पण अकरापुढे अगदी हात टेकून उभी होती.

आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाराच करा. पण फुकटचं नाई. दोर मी ओढीन."

बाईमाणसानं जाळ्याचा दोर धरलेला आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता. तरी कोणी हसलं नाही. पुढच्या वेळी ती साडी वर खोचून बाबांच्या जागी उभी राहिली, आणि आज्यानं जरा सरकून दोर तिच्या हाती दिला. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. त्या हिश्शावर आमची चूल पेटत राहिली, माझी शाळाही सुटली नाही.

पुढे शाळेत मूळ संख्या शिकवल्या त्या दिवशी मी धावतच घरी आले. आई अंगणात मासे साफ करत बसली होती.

"आई, आजा खरंच बोलला होता! अकरा कशानंच फुटत नाई!" आणि बोलता बोलताच माझं डोकं चालायला लागलं. "पण आई, ढीग फोडाचाच काऊन? अकरा जागा कराच्या न एकेक मासा टाकत जाचा. मोठे पयले, बारीक मंग. अकराच का, तेराचेई हिस्से होतात! एवढं साधं, त्यायले कसं नाई..."

आईचे हात चालूच होते, पण ती हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "हळू बोल. आजा रस्त्यानं जाऊन राह्यला."